तिसरा फ्यूज

त्या ॲम्प्लिफायरमध्ये फ्यूजच्या जागी तांब्याची तार मी गुंडाळली होती, माणिकअण्णांनी नाही. सहा वर्षं हे मी पोटात ठेवलं. अण्णांबद्दल पुढं जे सांगणार आहे ते वाचताना एवढं ध्यानात ठेवावं, की सांगणारा माणूस एकदा खोटं बोललेला आहे, तेही चारचौघांत, अण्णांच्या तोंडावर.

बिदरकडच्या भालकीत माझं खता-बियाणांचं दुकान आहे. लग्नसराईत आमची एक ऑर्केस्ट्रा पार्टी असायची. एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, दोन गाणारे आणि बास गिटार वाजवणारा मी. बास म्हणजे चार जाड तारांची गिटार. वाजत असते तेव्हा कुणाचं तिच्याकडं लक्ष जात नाही, थांबली की मात्र गाण्यातून काहीतरी निघून गेल्यासारखं होतं. तिचा आवाज खालचा आणि जड, त्यामुळं साधा स्पीकर तिच्यापुढं टिकत नाही. तिला स्वतःचं ॲम्प्लिफायर आणि तसाच दणकट बॉक्स लागतो. ही दोन्ही बिघडली की आमच्या भागातली माणसं एकाच ठिकाणी यायची. औरादहून, उदगीरहून, पार अफजलपूरहूनसुद्धा.

बसस्टँडच्या मागं अण्णांचं पत्र्याचं शेड होतं आणि शेडला लागूनच घर. बसायला एका मोडीत निघालेल्या एसटीचं सीट. अण्णा उंच, किडकिडीत. अंगात कायम पांढरा शर्ट. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी मुद्दाम वाढवलेलं असे, तारेवरचं लाखेचं आवरण खरवडायला. तरुणपणी हैदराबादला एका थिएटरात पडद्यामागच्या स्पीकरांची देखभाल करायचे, एवढंच त्यांच्या मागच्या आयुष्याबद्दल मला माहीत होतं. मीही कधी विचारलं नाही.

नुसतं ॲम्प्लिफायर घेऊन कुणी आलं तर ते हात लावत नसत.

"नवरा आणलास. बायको कुठाय?"

बायको म्हणजे बॉक्स. दोन्ही एकत्र बघितल्याशिवाय दोष कुणाचा ते सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग तो माणूस परत जायचा आणि दुसऱ्या दिवशी बॉक्स टमटममध्ये घालून आणायचा. माझ्या गिटारला ते म्हैस म्हणायचे. "आण तुझी म्हैस. घसा कामून बसलाय बघू."

बॉक्समधला स्पीकर काढून ते पालथा न ठेवता आभाळाकडं तोंड करून ठेवायचे, त्याच्या कागदी पडद्यावर ज्वारीचे दहा-बारा दाणे टाकायचे आणि मला खालची जाड तार छेडायला सांगायचे. दाणे जागच्या जागी उडाले तर स्पीकर ठीक. एका बाजूला गोळा व्हायला लागले तर पडदा वाकडा झालाय, आतली कॉइल घासायली. हे असं कुठल्या पुस्तकात आहे का, मला माहीत नाही. काम झालं की ते दाणे दाराबाहेर चिमण्यांना टाकायचे.

आवाज पुरेसा झाला की म्हणायचे, "साकु." कन्नडमधलं पुरे. मराठी गिऱ्हाइकाला साकु, कन्नड गिऱ्हाइकाला साकु, उर्दू बोलणाऱ्यालाही साकु. त्यांच्या साकुनंतर बटण कुणी पुढं सरकवलं तर चिडायचे.

एकदा उदगीरचा एक वादक नवाकोरा बॉक्स घेऊन आला. माणसाच्या छातीएवढा उंच, समोर चकचकीत जाळी. त्याला फक्त अण्णांकडून "चांगलाय" ऐकायचं होतं. अण्णांनी बॉक्सच्या चारी बाजू बोटांच्या पेरांनी ठोकून बघितल्या, जसं आपण कलिंगड बघतो.

"पोट मोठं हाय. लाकूड पातळ हाय."

"अण्णा, वाजवून तरी बघा की!"

"मी न्हाई, तू बघ. हितं न्हाई, रस्त्याच्या पलीकडं हॉटेलात जाऊन बस. बास जवळून ऐकायचा नसतो."

तो गेला. मी वाजवायला बसलो. आधी अण्णांच्या जुन्या, रंग उडालेल्या बॉक्सवर, मग त्याच्या नव्यावर. एकच चाल, तेवढ्याच आवाजात. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"जुना तिथवर आला. माझा... नुसता धप धप."

"तुझा बॉक्स बोलंना, खोकायलाय." मग त्याला बरं वाटावं म्हणून असेल, आवाज खाली आणून म्हणाले, "फेकू नको. आतून सागाच्या दोन पट्ट्या आडव्या मार. घरात जुनी वाकळ हाय का? ती कापून आत चिकटव. आईची घेऊ नको, भांडण होईल."

त्यांच्याकडं एवढे जुने बॉक्स पडलेले, पण त्याच्या गळ्यात एकही घातला नाही.

आणखी एक सांगतो. निवडणुकीच्या दिवसांत एका पुढाऱ्याचा माणूस दोनशे वॅटचं ॲम्प्लिफायर घेऊन आला. त्याच्यावर पांढऱ्या रंगानं 'हजार वॅट' लिहून पाहिजे होतं, नुसतं लिहून. अण्णा म्हणाले, "चल, तुझ्या कपाळावर मी तहसीलदार लिहितो. कचेरीत जाऊन सही करून बघ." शेडमध्ये बसलेले सगळे हसले. तो माणूस तणतणत गेला. अण्णा मात्र हसले नव्हते.

आता फ्यूजची गोष्ट. दुरुस्त केलेलं मशीन परत देताना अण्णा झाकणाच्या आतल्या बाजूला दोन नवे फ्यूज चिकटपट्टीनं लावून द्यायचे. गिऱ्हाईक कितीही जुनं असो, त्याच्यासमोर पट्टी अंगठ्यानं दाबायचे आणि तेच वाक्य म्हणायचे: "हे दोन उडाले तर उडू दे. तिसरा लागला तर मशीन बंद कर अन माझ्याकडं ये." एकदा मी हसून विचारलं, तिसरा बाजारातून आणला तर? ते म्हणाले, "दोन फ्यूज गेले म्हणजे ते मशीन तुला काहीतरी सांगायलंय. तिसऱ्यानं त्याचं तोंड दाबू नको."

माझं ॲम्प्लिफायर त्यांनी दुरुस्त केलं तेव्हा आणखी एक गोष्ट बजावली होती. "ह्याला चार ओहमचा एकच बॉक्स. दुसरा जोडलास तर आकडा दोन होतो. आकडा कमी झाला म्हणून भार कमी झाला समजू नको. दुप्पट होतो." मी मान हलवली. हे सगळं मला समजलेलं होतं. समजलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

पुढच्याच आठवड्यात संतपूरच्या अलीकडच्या एका गावात लग्न होतं. बसवंतरावांच्या थोरल्या मुलीचं. बसवंतराव गावातले मोठे शेतकरी, माझ्या दुकानाचं निम्मं गिऱ्हाईक त्यांच्या शब्दावर चालायचं. मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. अकरा वाजता नवरदेवाची वरात मारुतीच्या देवळापाशी आली आणि तिच्यापुढच्या डीजेनं अख्खं गाव हलवून सोडलं. बसवंतराव आमच्या स्टेजपाशी आले.

"सुभाष, आमच्या मांडवातला आवाज कामून येईना? पाव्हण्यांनी आणलेलं ऐकायलाव आम्ही?"

"काका, मशीनची तेवढीच ताकद हाय."

"मग आनखी एक डबा लाव की! त्या मांडववाल्याच्या टेम्पोत पडलेत ढीगभर. मी सांगतो त्याला."

टेम्पोतून एक बॉक्स आला. तोही चार ओहमचा, मागं लिहिलेलं होतं. मी वाचलं आणि जोडला. पहिला फ्यूज दुसऱ्याच गाण्याला उडाला. झाकण उघडून पट्टीचा एक फ्यूज काढला, घातला. दहा मिनिटांत तोही गेला. शेवटचा घातला, तो अर्ध्या गाण्यात गेला. वरात मांडवाच्या कमानीपाशी आली होती. बसवंतराव लांबून हातवारे करत होते. मी वायरीच्या तुकड्यातून तांब्याचे चार-पाच धागे ओढले, जळक्या फ्यूजवर गुंडाळले आणि परत बसवला.

मग आवाज आला. असा आवाज, की पाहुण्यांचा डीजेवाला वळून बघायला लागला. बसवंतरावांनी दोन्ही हात वर केले. मला, खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

बारा वीसला जळका वास आला. मला आला. मी वाजवत राहिलो. पंधरा मिनिटांचा तर प्रश्न होता. पाच मिनिटांत मागून धूर निघाला आणि स्टेजच्या मागच्या झालरीनं पेट घेतला. आग मोठी नव्हती, घागरभर पाण्यानं विझली. पण "मांडव पेटला" असं कुणीतरी ओरडलं आणि सातशे माणसं एका कमानीकडं धावली. त्या रेट्यात नवरीची भागीरथीमावशी पडली. तिच्या उजव्या हाताचं मनगट मोडलं. मुहूर्त टळला. एक वाजून गेल्यावर अक्षता पडल्या, त्याही रडारडीत.

"मशीन कुणी दुरुस्त करून दिलं?" बसवंतरावांनी माझी कॉलर धरून विचारलं.

"भालकीच्या माणिकअण्णांनी," मी म्हणालो. तेवढं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन जीप भरून माणसं भालकीला आली. मला मधे बसवलेलं, मांडीवर जळकं ॲम्प्लिफायर. बसस्टँडवरची माणसंही मागोमाग शेडकडं आली. चाळीस-पन्नास जण सहज असतील. अण्णा सीटवर बसून चहा पीत होते.

"तुझ्यामुळं माझ्या मेहुणीचा हात मोडला," बसवंतराव म्हणाले. "माझ्या पोरीचा मुहूर्त गेला."

अण्णांनी बशी खाली ठेवली. स्क्रू काढले. झाकण उलटं करून चिकटपट्टीची रिकामी जागा अंगठ्यानं चाचपली. मग चिमट्यानं फ्यूज ओढून काढला आणि दाराच्या उजेडात धरला. तार काळी पडली होती, पण तार होती.

"सुभाष, ही कुणी घातली?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या मनात काय आलं ते सांगतो. मावशीचा हात आला नाही. अण्णाही आले नाहीत. दुकान आलं, आणि आदल्या दिवशी वर झालेले बसवंतरावांचे दोन हात आले.

"मला काय ठाव, अण्णा? मी झाकण उघडलंच न्हाई."

"उघडलंच न्हाईस?"

"न्हाई."

"मी लावलेले दोन फ्यूज कुठं गेले मग?"

"तुम्हीच विसरला असाल लावायला."

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. स्पीकरच्या पडद्यावरचे दाणे ज्या लक्षानं बघायचे, तसं. मला वाटलं आता ते बोलतील, सगळ्यांना उलगडून सांगतील, दुसऱ्या बॉक्सचं विचारतील. विचारलं असतं तर मी तिथंच कोसळलो असतो. त्यांनी विचारलं नाही. "बरं," एवढंच म्हणाले.

बसवंतरावांच्या पुतण्यानं बाकावरचं सामान हातानं लोटलं. मीटर, सोल्डरची बंदूक, ज्वारीचा डबा, सगळं खाली. घरातून अण्णांची बायको, गंगाक्का, धावत आली आणि त्या पोराच्या आणि बाकाच्या मधे उभी राहिली. "हात लावून बघ आता," ती म्हणाली. "मला लावून बघ." माणसं हळूहळू पांगली. मी त्यांच्यातच मिसळून निघालो.

आठवडाभरानं मी बसस्टँडवरून गेलो तेव्हा शेडच्या पाटीवरचे 'ॲम्प्लिफायर, स्पीकर' हे दोन शब्द निळ्या रंगानं पुसलेले होते. खाली 'मोटार वाइंडिंग' तेवढं ठेवलेलं. बोअरच्या जळक्या मोटारींत नवी तार भरायची, एवढंच काम ते तेव्हापासून करायला लागले. औरादचा एक वादक त्यांच्या दारात तासभर बसला होता म्हणे. त्याला त्यांनी सांगितलं, "माझ्या हातानं माणसाचा हात मोडलाय असं लोक म्हणायलेत. लोकांचं ते म्हणणं जाईस्तोवर मी हे करत न्हाई." आमच्या भागातल्या वादकांना मग बिदर नाही तर लातूर गाठावं लागायचं.

मी वर्षभर वाजवलं, मग सोडलं. बसस्टँडला जायचं झालं तर मागच्या रस्त्यानं जायचं टाळायचो. माफी मागायची असं मी दर पोळ्याला, दर दिवाळीला ठरवलं. ठरवण्यात माणसाला बरं वाटतं, म्हणून ठरवत राहिलो असणार.

गेल्या उन्हाळ्यात बसवंतराव दुकानात आले. धाकट्या मुलीचं लग्न काढलं होतं, पत्रिका द्यायला आले होते.

"तुझी जुनी पार्टी गोळा कर. एक सांगतो, त्या माणक्याच्या हातचं काही आणू नको. मेहुणीला अजून भाकर थापता येईना नीट." चहाचा घोट घेऊन ते पुढं म्हणाले, "आता तर तो बी जायलाय म्हणं, पोरीकडं, झहिराबादला. शेड मोकळं केलंय. बरं झालं, पीडा गेली."

मी पत्रिका हातात घेऊन उभा होतो. सहा वर्षं मला वाटत होतं की ती गोष्ट आता जुनी झाली. ती जुनी झाली नव्हती. बसवंतराव ती घेऊन दारोदार फिरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांच्या दारात गेलो. ओसरीवर बांधलेली बोचकी, भांड्यांची पोती. गंगाक्का उंबऱ्यात गहू निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं नाही.

"कामून आलास? मोटार जळली व्हय तुझी?"

"अक्का, अण्णांशी बोलायचंय."

"सहा वर्षांत तोंड फुटलं न्हाई. आता आम्ही जायलाव तर फुटायलंय."

"येऊ दे त्याला," आतून अण्णा म्हणाले.

ते शेवटची एक मोटार भरत होते. लाकडी साच्यावर तार गुंडाळत होते आणि वेढे मोजत होते. हे काम मधे सोडता येत नाही. एक वेढा चुकला तर सगळी कॉइल उसवावी लागते. केस पूर्ण पांढरे झाले होते. त्यांनी मला मानेनं बसायची खूण केली.

"बेचाळीस. त्रेचाळीस."

मी थांबलो. ते थांबायचं लक्षण दिसेना. गंगाक्काचं सूप बाहेर वाजत होतं. आज उठून गेलो तर पुन्हा येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

"अण्णा, तार मी घातली होती."

"सत्तेचाळीस."

"तिन्ही फ्यूज उडाल्यावर घातली. दुसरा बॉक्स बी मीच जोडला."

"अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास."

मी सगळं सांगितलं, वास आला तरी वाजवत राहिलो तेसुद्धा. त्यांचा हात एकदाही थांबला नाही. साठ झाले तेव्हा त्यांनी तारेला पीळ दिला, नखानं टोक खरवडलं आणि साचा खाली ठेवला.

"हे मला कामून सांगायलास?"

"माफी मागायला आलोय."

"मला तर त्याच दिवशी ठाव होतं. ज्याला ठाव हाय त्याला सांगून काय व्हायलंय? ज्यांना ठाव न्हाई, ज्यांच्या म्होरं बोललास, त्यांना सांग."

"तुम्ही त्या दिवशी कामून बोलला न्हाईत?"

"मी तुझ्यावर उलटून बोललो असतो तर दोघांतला एक खोटा, एवढंच झालं असतं. मला वाटलं, हे पोरगं दोन दिवसांत येईल. त्याचं त्यालाच बोलू द्यावं. मी वाट बघितली." मग म्हणाले, "लई बघितली."

"तो फ्यूज हाय का? त्यांना दाखवायला?"

"कवाच फेकला. फ्यूज कशाला? तोंड हाय न्हवं तुला."

गुरुवारी लग्न होतं. गुरुवारीच सकाळच्या गाडीनं ते झहिराबादला जाणार होते. "लग्नाला या, माझ्याबरोबर," मी म्हणालो. "आवतन न्हाई आम्हाला," ते म्हणाले आणि दुसरी कॉइल घ्यायला वळले. मी उठलो तेव्हा त्यांची माझ्याकडं पाठ होती. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. "एक. दोन. तीन," ते मोजत होते. अण्णा मला शेवटचे दिसले ते तसे.

गुरुवारी मी गिटार नेली नाही. मुहूर्ताला वीस मिनिटं होती. मांडव भरला होता. पहिल्या रांगेत भागीरथीमावशी, अक्षता डाव्या हातात घेऊन. पुतण्या कमानीपाशी पाहुण्यांना गंध लावत होता. मी बसवंतरावांना म्हणालो, दोन मिनिटं माइक द्या. त्यांना वाटलं गाणार. "जल्दी आटप, अंतरपाट धरायलेत," ते म्हणाले. माइक हातात आला. समोर सहा वर्षांपूर्वीच्या जीपमधली जवळजवळ सगळी माणसं होती.

मी बोललो ते असं:

"बसवंतकाका, थोरल्या ताईच्या लग्नात आग लागली ती माझ्यामुळं. माणिकअण्णांनी मला एकाच बॉक्सवर वाजव म्हणून सांगितलं होतं. मी दोन जोडले. त्यांनी दिलेले फ्यूज उडाले तर मी तार घातली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुमच्या सगळ्यांच्या म्होरं मला विचारलं, अन मी न्हाई म्हनलो. मी खोटं बोललो. मावशी, तुमचा हात त्यांनी न्हाई, मी मोडलाय. सहा वर्षं तुम्ही त्यांना बोल लावायलात, ते सगळे बोल माझे हायेत. ते आज सकाळी गाव सोडून गेले. मी तुमची माफी मागतो, मावशी. अन माणिकअण्णा, गंगाक्का, तुम्ही हितं न्हाईत, तरी ह्या सगळ्यांच्या म्होरं तुमची बी मागतो."